पाय कापू नकोस

होआनिब नदीला पाणी असतं वर्षातून चार दिवस.
उरलेले दिवस ती पांढऱ्या वाळूची,
आणि मीटर पांढऱ्याला बिचकतो,
सगळं जग मधल्या राखाडीत बसवायचा त्याचा हट्ट.
मी चाक दीड स्टॉप पुढे फिरवते,
वाळूला वाळू राहू देते.

हत्तीण मात्र मीटरची लाडकी.
धुळीत लोळून आलेली, बरोबर मधली,
हिशोबाला सोपी.
अडचण तिच्या डोळ्याची.
भुवईच्या हाडाखाली एवढीशी ओल,
तिथवर पोचायचं तर मागचा डोंगर जळून जातो,
डोंगर राखला तर डोळा विहिरीत पडतो.
सकाळी सहाला मी हा सौदा करते
आणि रोज थोडी तोट्यात राहते.

गेर्सन मुहेंजे इंजिन बंद करतो,
दाराबाहेर मूठभर धूळ सोडून वारा बघतो.
"पाय कापू नकोस," म्हणतो.
तीन वर्षांत माझ्या कामावर एवढंच बोललाय.
त्याचे आजोबा तळव्याच्या भेगांवरून हत्ती ओळखायचे.
पाय नसलेला हत्ती म्हणजे त्याच्या लेखी
आडनाव न सांगता घरात शिरलेला पाहुणा.
तेव्हापासून खाली जागा सोडते,
सोंडेपुढेही सोडते, ती निघालीय तिकडे,
आणि पाचशेची लेन्स असूनही चौकट भरत नाही.
मोठं जनावर मोठं दिसतं
ते भोवती काही नसताना.

काही नसताना.
डावीकडे, आना झाडांच्या मागे,
अल्विनाची पाण्याची टाकी आहे.
गाडी दोन हात पुढे घेतली की एक खोड मध्ये येतं,
झालं वाळवंट निर्मनुष्य.
भिंतीवर लावायला लोकांना असंच लागतं.
तीन वर्षं मी ते खोड वापरलंय.

आज अल्विनाच चालत आली,
डोक्यावर गाईच्या शिंगांसारखा आडवा फेटा,
हातात सरकारी अर्ज, चार घड्यांचा.
रात्री पाइप उपटला. बावीस शेळ्या, थेंब नाही.
भरपाईला पुरावा हवा:
जनावर, नुकसान, टाकीचा नंबर,
तिन्ही एकाच फोटोत.
मागच्या वेळी तिने फोनवर काढला होता.
साहेब म्हणाले, हा तर खडक आहे.

भर दुपार. हा प्रकाश मी कधी घेत नाही.
टाकी काळी, नंबर पांढरा, चुन्याने हाताने लिहिलेला,
पलीकडे उन्हात हत्तीण,
तुटक्या पाइपाच्या तोंडाशी सोंड लावून शांत.
छिद्र सोळावर आवळलं.
जवळचं, दूरचं, शेळ्यांच्या लेंड्या,
कुणाची तरी वाळत टाकलेली गोधडी,
जे जे मी आजवर धूसर करून टाकत आले
ते सगळं धारेवर आलं.
नंबर फुटू नये म्हणून दोन स्टॉप खाली उतरले,
आणि डोळा गेला.
हत्तीण दिसते. बघत नाही.
क्षितिज किंचित कलतं, राहू दिलं,
सरळ केलं असतं तर पाइप सुटला असता.

"पाय?" गेर्सन मागून.
पाय आहेत. चिखलात, चारही,
भोवतीच्या ओलीत आकाश साचलेलं,
तेवढं मात्र पांढरं फटक जळलं.

अल्विना पडद्यावर बोट ठेवून नंबर मोठा करते.
मग पाइप.
मग, कुणी सांगितलं नसताना, कान,
त्याची फाटकी कड.
"हिचीच आई माझ्या आईची टाकी फोडायची," म्हणते,
आणि अर्ज उलटसुलट करून बघते,
पण त्यात ते लिहायला रकाना नाही.

प्रिंट ओपुवोला निघेल, उद्या, कुणी जाणारं मिळालं तर.
गेर्सन किल्ली फिरवत नाही.
तिचं पिऊन होऊ दे, म्हणतो.
अल्विनाही थांबते,
पाइपाचा नवा तुकडा काखेत.